तीन सोमवारांची एकच यादी

शुक्रवारी दुपारी मुलीनं टेबलावरचा संगणक मिटला, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि म्हणाली, "सोडली एकदाची."

"काय सोडली?"

"नवी आवृत्ती. कच्ची आहे अजून. पण लोकांनी हाताळल्याशिवाय तिच्यातल्या खोडी कळायच्या नाहीत."

मी भाजी निवडत होतो. म्हणालो, "कच्ची कशाला वाढायची? शिजू द्यायची की."

"ही जेवायला नाही, बाबा. चव बघायला आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी चाखायची आणि मीठ कमी की जास्त ते मला सांगायचं."

माझी मुलगी आकडे तयार करते. म्हणजे असे आकडे, की एकामागून एक कोणता येईल हे कोणालाच आधी सांगता येऊ नये. त्यासाठी तिनं एक सुटा भाग लिहिला आहे, त्याला ती लायब्ररी म्हणते. ज्याला असे आकडे लागतात तो ती फुकट उतरवून घेतो आणि आपल्या प्रोग्रामात बसवतो. कोणी खेळ बनवतो, कोणी हवामानाचे अंदाज काढतो, कोणी सोडत काढतो.

सोडत काढणं हे एकतीस वर्षं माझंही काम होतं. गोदीच्या मोठ्या फाटकावर दोनशे चाळीस बिल्लेवाले कामगार. काम सगळ्यांना पुरेल इतकं कधीच नसतं. म्हणून दर सोमवारी सकाळी सोडत निघते आणि आठवड्याचा क्रम ठरतो. वरच्या नव्वद-शंभर जणांना रोज काम मिळतं, मधल्यांना एखादा दिवस, खालचे घरी. माझ्या वेळी पत्र्याचं पिंप होतं आणि त्यात बिल्ल्यांचे नंबर कोरलेल्या दोनशे चाळीस पितळी चकत्या. चौदा वेळा पिंप फिरवायचं, बाही खांद्यापर्यंत वर करायची, नजर छताकडे ठेवायची आणि हात घालायचा. नवी चकती जुन्यांपेक्षा थोडी जड असते, बोटांना कळते. म्हणून नवी आली की मी ती आठवडाभर दगडावर घासून जुनी करायचो. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

मी निवृत्त झालो, पिंप गोदामात गेलं आणि फाटकावरच्या खिडकीत संगणक आला. ज्या बाईला मी काम शिकवलं होतं ती खिडकीवाली झाली. आणि त्या संगणकातल्या सोडतीच्या प्रोग्रामात कोणीतरी माझ्या मुलीचीच लायब्ररी बसवलेली निघाली. हे कळल्यापासून मी फाटकावरच्या बाकावर बसून दोन वर्षं दुसरं काही बोललो नाही. पिंप आमच्याच घरात राहिलं, असं सांगायचो. लोक कंटाळले, पण ऐकून घ्यायचे.

तर ती कच्ची आवृत्ती. मुलीच्या पडद्यावर एका कोपऱ्यात आकडा असतो, किती जणांनी उतरवून घेतली त्याचा. शनिवारी तिथं शून्य होतं. रविवारी सकाळी शून्य. जेवताना ती उठून बघून आली, शून्य. सात महिने खपली होती ती त्या कामात. आतलं सगळं यंत्र नवीन बसवलं होतं.

"कोणी घेतली नाही का गं?"

"रविवार आहे, बाबा," ती म्हणाली आणि ताटात बघत राहिली.

मला ते शून्य सहन झालं नाही. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

सोमवारी मी सोडतीच्या आधीच खिडकीवर गेलो. खिडकीवाली म्हणाली, "काका, आज लवकर? घरात डाळ शिजत नाही वाटतं तुमची."

"माझ्या मुलीनं नवं काढलंय. तू अजून जुन्यावरच."

"जुनं बरं चाललंय की."

"बघ तर खरं."

तिनं बघितलं. पडद्यावर एक चौकोन होता, त्यात खूण केली की कच्ची आवृत्तीही चालते. चौकोनाखाली तीन ओळी होत्या. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचतो, एकही अक्षर सोडत नाही. ही आवृत्ती अस्थिर आहे. फक्त चाचणीसाठी. खऱ्या कामाला लावू नये.

खिडकीवालीनं विचारलं, "काका, हे काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "हे सगळेच लिहितात. कर तू खूण."

तिनं केली. मी तिला शिकवलं होतं, माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवायची.

घरी आलो तर मुलगी दारातच. "बाबा, एक झालं," म्हणाली. चेहरा असा, जणू तिला शाळेत पहिला नंबर मिळाला. मी चपला काढत राहिलो. तिला सांगणार होतो, पण तिचा आनंद बघून म्हटलं राहू दे, उद्या सांगू.

त्या सोमवारी माझा दोस्त दोरखंड दोनशे चाळिसावा आला, सगळ्यात शेवटी. त्याला दोरखंड म्हणतात कारण अंगानं तसाच, पिळलेला आणि लांब. त्याचा बिल्ला दोनशे चौदा. तो हसला. म्हणाला, "शेवटचा यायलाही नशीब लागतं, लेका. एकशे सदतिसाव्याला कोण ओळखतं?"

पुढच्या सोमवारी तो पुन्हा शेवटचा. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. कोणीतरी म्हणालं, बाई, मागचीच यादी चिकटवली का? खिडकीवालीनं काच सरकवून तारीख दाखवली. आजचीच होती. प्रत्येक जण फक्त आपला नंबर शोधतो, दुसऱ्याचा कोणाच्या लक्षात राहतो? मधल्यांना काही कळलं नाही. दोरखंड त्या आठवड्यात बाकावर माझ्याजवळ बसायचा, पण बोलायचा कमी.

तिसऱ्या सोमवारी तो तिसऱ्यांदा शेवटचा आला, आणि तिसऱ्या क्रमांकावर तिसऱ्यांदा जो आला तो होता खिडकीवालीचा दीर.

मग जे व्हायचं ते झालं. मुकादमानं तिन्ही आठवड्यांच्या याद्या मागवल्या आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या. दोनशे चाळीस ओळी, एकीचाही फरक नाही. खिडकीवर थापा पडायला लागल्या. आतून ती एकच सांगत होती, "मी फक्त बटण दाबते. दादा, मी फक्त बटण दाबते." साहेबांनी येऊन खिडकीला कुलूप लावलं. गुरुवारी दहा वाजता मोठ्या गोदामात सगळ्यांसमोर चौकशी. तोवर तिनं घरी बसायचं. चौकशीत दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार आणि वर पोलिसांत तक्रार. तिचा दीर म्हणाला, "वहिनीनं काही केलं असेल तर मला समुद्रात टाका." गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "टाकतो की, घाई काय आहे."

मी बाकावर बसलेलो होतो. मला काहीच कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

मंगळवारी दोरखंडानं बिल्ला परत केला. मला न विचारता, न सांगता. कचेरीत गेला, बिल्ला टेबलावर ठेवला, अंगठा उठवला आणि बाहेर आला. गोदीचा नियम आहे, परत केलेला बिल्ला दुसऱ्या दिवशी प्रतीक्षायादीतल्या माणसाला मिळतो. नियम मला पाठ होता, कारण तो अमलात मीच आणायचो.

"अरे, गुरुवारपर्यंत थांबायचं होतंस," मी म्हणालो.

"हा तिसरा आठवडा, घरात बसलोय. सुनेनं मला मटार सोलायला शिकवलं. आता विणकाम शिकवते म्हणते." तो हसला नाही. "माझं नशीब संपलंय. संपलेल्या माणसानं जागा अडवू नये."

बुधवारी सकाळी मुलगी टेबलाशी बसली होती. मी समोर जाऊन बसलो. तोंडातून सरळ शब्द निघेना, म्हणून आडून विचारलं.

"तुझ्या त्या नव्या आवृत्तीतून, समज, दोनशे चाळीस नावांची यादी काढली. तर तीच यादी तीनदा येऊ शकते का?"

ती हसली. "बाबा, जगातल्या सगळ्या समुद्रांची वाळू मोजली आणि पुन्हा पुन्हा मोजली तरी तितक्या वेळात एकदा येणार नाही. तीनदा म्हणजे…"

आणि थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. संगणक तिनं जवळ ओढला. तिची बोटं चालत होती, मी बघत होतो. पाच मिनिटंही लागली नसतील. तिनं हात मागे घेतले, जणू चटका बसला.

"काय गं?"

"मी बी ठोकून ठेवलंय, बाबा."

मला कळेना. ती सावकाश सांगायला लागली, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखी. यंत्र आकडे काढतं ते एका सुरुवातीच्या आकड्यापासून. त्याला ती बी म्हणते. एरवी ते बी दर वेळी वेगळं असतं, संगणक ते घड्याळातून, कुठून कुठून गोळा करतो. पण नवं यंत्र जुन्याइतकंच चांगलं आहे का हे बघायचं तर दोघांना एकच बी द्यावं लागतं, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवून ताडता येतात. म्हणून तिनं सात महिने एकच बी ठोकून ठेवलं होतं. सोडताना ते काढायचं राहिलं. चाचण्या सगळ्या पास झाल्या, कारण एका खेपेतले आकडे उत्तमच होते. दोन वेगळ्या दिवशी चालवून कोणी बघितलं नाही.

"पिंप चौदा वेळा फिरवायचं," मी म्हणालो.

"हो. आणि माझं पिंप फिरतच नव्हतं. झाकण उघडलं की चकत्या त्याच जागी." मग तिनं मान वर केली. "पण तुम्हाला कसं कळलं? तो एक जण कोण आहे? कोणी लावलंय हे खऱ्या कामाला?"

मी सांगितलं. चौकोन, खूण, तीन ओळी, सगळं. खिडकीवालीचं. दोरखंडाचं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही ते वाचलं होतंत?"

"वाचलं होतं."

"तुम्हाला वाचायला मी शिकवलं, बाबा."

तोवर मला फक्त आकडे यायचे; पन्नाशीत, याच टेबलावर, तिच्या पहिलीच्या जुन्या पुस्तकातून ती मला अक्षरं दाखवायची आणि चुकलो की पेन्सिलीनं बोटावर मारायची.

तिनं आवृत्ती मागे घेतली. त्याला काही क्षणच लागतात. मग कारण लिहायला बसली, कारण असं काही मागे घेतलं की कारण लिहायची रीत आहे. मी उठून तिच्या मागे उभा राहिलो. पडद्यावर ती ओळ अजून उघडी होती. बी बरोबर सातशे तेरा.

सातशे तेरा हा माझा बिल्ला; कचेरीच्या लोकांचे नंबर सातशेच्या पुढचे. एकतीस वर्षं छातीवर होता.

"हे काय?"

"काहीतरी आकडा लागतोच," ती म्हणाली. मान वळवली नाही. "हाताशी तोच आला."

फाटकावरचं चित्र डोळ्यांसमोर आलं. मुलीची लायब्ररी, ती बापानं शब्द टाकून बसवलेली, आणि तिच्या पोटात बापाचाच बिल्ला. कोण म्हणेल ही चूक आहे म्हणून? मी स्वतः म्हणालो नसतो.

"तो आकडा बदल," मी म्हणालो. "कारण लिही, चूक सांग, सगळं सांग. फक्त तेवढा आकडा बदल. दुसरा कोणताही घाल."

"बदलता येत नाही."

"एक आकडा बदलता येत नाही? दिवसभर तू तेच तर करतेस."

"बाबा, उद्या मला त्यांच्यासमोर यादी काढून दाखवावी लागेल. सातशे तेरा घातलं तरच भिंतीवरची यादी निघते. दुसरं काही घातलं तर दुसरी यादी. मग बाईंनीच यादी ठरवली नव्हती हे कशावरून?" ती आता वळली. डोळे लाल होते. "बाई सुटायच्या असतील तर हाच आकडा दाखवावा लागेल. नाहीतर आपण घरी बसू. आवृत्ती गेलीच आहे. कोणाला कधी कळणारही नाही."

तिनं मला निवडायला सांगितलं नव्हतं. पण तिचे हात मांडीवर होते आणि ती वाट बघत होती. मी खिडकीशी गेलो. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. मी त्याची संपूर्ण गाडी धुऊन होईपर्यंत तिथं उभा होतो. खरं सांगतो, घरी बसावं असं मला वाटत होतं. खिडकीवालीला दुसरं काहीतरी काम मिळेल, असाही विचार येऊन गेला. मी तिला काम शिकवलेला माणूस.

"किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

"नऊला."

गुरुवारी गोदामात दोनशे तरी माणसं होती. खिडकीवाली एका खोक्यावर बसली होती, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. मला बघून उठली. "काका, तुम्ही सांगा ना यांना." मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

माझ्या मुलीनं साहेबांना थोडक्यात सांगितलं आणि संगणक, पूर्वी पिंप असायचं तसाच, चौथऱ्यावर ठेवला. भिंतीवरच्या याद्या साहेबांच्या हातात होत्या. तिनं बटण दाबलं. मुकादम पडद्यावरचे नंबर मोठ्यानं वाचायला लागला आणि साहेब यादीवर बोट फिरवायला लागले. एकशे अठरा. नऊ. बाईंचा दीर, त्र्याऐंशी. दोनशे दोन. साठाव्याला साहेबांनी बोट उचललं. म्हणाले, "पुरे. शेवटचा सांग."

"दोनशे चौदा."

सगळ्यांनी दोरखंडाकडे बघितलं. तो दाराशी उभा होता. आता कामगार नव्हता, म्हणून आत आला नव्हता.

खिडकीवाली खोक्यावर पुन्हा बसली आणि रडायला लागली. तिचा दीर तिच्यामागे उभा राहिला. ती सुटली होती, एवढं तरी झालं होतं. आणि तेवढ्यात मुकादम, जो अजून पडद्यात डोकं घालून होता, म्हणाला, "हे वर काय लिहिलंय? सातशे तेरा. हा बिल्ला तुझा ना रे?"

"माझाच," मी म्हणालो. "आणि बाईला ही आवृत्ती घ्यायला मीच लावलं. तिनं विचारलं होतं, खाली काय लिहिलंय. मी वाचलं आणि तिला खोटं सांगितलं. ती कच्ची होती. माझ्या मुलीनं ती इथं लावायला सोडलीच नव्हती."

"बी मी ठोकलं होतं," मुलगी म्हणाली. "ती चूक माझी आहे."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मागून फक्त एक जण म्हणाला, "घरचंच पिंप ना तुमच्या." दोन वर्षं मीच हे सगळ्यांना सांगितलं होतं.

मग दोरखंड दारातूनच बोलला. आवाज चढवला नाही. "एक सांग. एकतीस वर्षं तू हात घालायचास, तेव्हाही असंच होतं का?"

मी त्याला चकत्या घासल्याचं सांगणार होतो. नव्या चकतीचं वजन, दगड, चौदा फेरे, छताकडची नजर. पण ते सगळं मीच केलेलं, एकट्यानं, घरी, कोणी बघत नसताना. त्याला साक्ष कोण? चांगलं असो की वाईट, करणारा मीच होतो. तो थोडा वेळ थांबला आणि गेला.

मी धावत कचेरीत गेलो. कारकुनाला म्हणालो, दोनशे चौदा परत द्या, त्याची चूक नव्हती. तो सभ्य माणूस. म्हणाला, "काका, बुधवारी सकाळीच दिला हो पुढच्याला. बारा वर्षं वाट बघत होता तो. आता त्याच्याकडून कसा काढू? नियम तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होता. दोरखंडाचं नाव प्रतीक्षायादीत खाली लिहून घ्या म्हणालो. त्यानं लिहिलं. त्याच्या वर एकशे सहा नावं होती.

मुलीनं मागे घेतल्याचं कारण सविस्तर लिहिलं. कोणाचं काय नुकसान झालं तेही लिहिलं, दोरखंडाचा बिल्ला गेल्याचंसुद्धा. माझं नाव घातलं नाही. मी म्हणालो घाल. तिनं घातलं नाही.

पुढच्या सोमवारी कामगारांनी संगणकाला हात लावू दिला नाही. गोदामातून पिंप काढलं, धूळ पुसली, चकत्या सगळ्यांसमोर मोजल्या. मी पुढे झालो नाही आणि कोणी बोलावलंही नाही. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो, मी आणि मुलगी. तिनं यायला नको होतं, पण आली. थोड्या वेळानं दोरखंड येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. मी सरकून जागा केली.

खिडकीवालीनं बाही खांद्यापर्यंत वर केली. पिंप फिरवलं. मी मनात मोजत होतो, चौदा झाले. तिनं छताकडे बघितलं आणि हात घातला, अगदी मी शिकवलं तसाच.

"सत्तावन्न."

आत कोणीतरी शिट्टी मारली. तिनं दुसऱ्यांदा हात घातला, चकती वर धरली, वाचली आणि वाचून थांबली. कुंपणापलीकडे आमच्याकडे बघितलं.

"दोनशे चौदा."

गर्दीतून एक माणूस पुढे आला, नवा बिल्ला लावलेला, कानापर्यंत हसत. लोकांनी त्याला वाट दिली. शेजारी दोरखंडाचा हात सवयीनं वर गेला होता. तो अर्ध्यात थांबला. मग त्यानं तो हात खाली आणला आणि कुंपणाची तार धरली.

"चांगलं फिरवलं तिनं," तो म्हणाला.